तोराजांचे अंत्यविधी आणि चर्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृतदेहाला नवे कपडे घालून उभं केलंय, शेजारी नातेवाईक हसतायत आणि खाली ओळ, ‘चालती प्रेतं’. इंडोनेशियातल्या तोराजा लोकांबद्दल मराठीत पोहोचतं ते बहुधा एवढंच. हे लोक ख्रिस्ती आहेत असं कळलं की प्रश्न दुप्पट होतात. त्यातले सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकच गोष्ट दोनदा सांगण्यापेक्षा दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तोराजा म्हणजे नेमके कोण?

सुलावेसी बेटाच्या दक्षिण भागातल्या डोंगरांत राहणारा समाज. भातशेती, रेडे, डुकरं, कॉफी आणि दोन्ही टोकांना उंच उचललेल्या छपरांची लाकडी घरं ही त्यांची ओळख. या घराला ‘तोंगकोनान’ म्हणतात. ते राहण्याचं घर असतंच, शिवाय एका पूर्वजापासून निघालेल्या सगळ्या भाऊबंदांचं मूळ घरही तेच. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून नातं मोजतात, त्यामुळे एकच माणूस अनेक तोंगकोनानांचा असतो. मर्तिकाचा खर्च समजून घ्यायला ही गोष्ट लक्षात ठेवा (प्रश्न ७).

माकाले आणि रांतेपाओ ही मुख्य गावं. २००८ पासून ती दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांची ठाणी आहेत. खाली किनाऱ्याकडचे बुगी आणि मकासार लोक मुसलमान, डोंगरातले तोराजा बहुसंख्येने ख्रिस्ती, त्यातही प्रोटेस्टंट जास्त.

२. ते ख्रिस्ती कधी झाले?

आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच अलीकडे. डचांनी हा डोंगराळ मुलूख १९०६ च्या सुमारास ताब्यात घेतला. त्यांच्याशी लढणारा सरदार पोंग तिकू १९०७ मध्ये मारला गेला. पहिला डच मिशनरी, आंतोनी व्हान दे लोस्द्रेख्त, १९१३ मध्ये रांतेपाओला आला. मिशनने शाळा काढल्या, दवाखाने काढले, तरी डच राजवटीत ख्रिस्ती झालेले लोक थोडेच. तोराजा चर्च स्वतंत्रपणे उभं राहिलं ते १९४७ मध्ये.

मोठी लाट आली स्वातंत्र्यानंतर. १९५० ते १९६५ या काळात दक्षिण सुलावेसीत कहार मुझक्करचं इस्लामी बंड चाललं होतं. त्या धाकात अनेकांनी चर्चचा आसरा घेतला. १९६५ नंतर सरकारने प्रत्येक नागरिकाला मान्यताप्राप्त धर्म असलाच पाहिजे असा आग्रह धरला, आणि उरलेल्यांपैकी बरेच चर्चमध्ये गेले. म्हणजे आज सत्तरीत असलेल्या कितीतरी तोराजांचे आजी-आजोबा जुन्या पंथाचे होते. त्या पंथाचं नाव ‘आलुक तो दोलो’, पूर्वजांची रीत.

३. मेलेल्या माणसाला वर्षानुवर्षं घरात ठेवतात, हे खरं का? वास येत नाही?

खरं आहे. काही महिने तर सर्रास, कधी दोन-तीन वर्षं, क्वचित त्याहून जास्त. पैसे जमवायचे असतात. जकार्ता, पापुआ, मलेशियात कामाला गेलेल्यांना सुट्टी मिळायची असते. भाताचा हंगाम उरकायचा असतो, कारण पिकाचे विधी आणि मरणाचे विधी एकत्र येऊ द्यायचे नाहीत असा जुना नियम आहे. म्हणून मोठे अंत्यविधी बहुतेक जुलै ते सप्टेंबरमध्ये आणि नाताळच्या सुट्टीत होतात.

तोवर त्या माणसाला मृत म्हणत नाहीत. तो ‘तो माकुला’, आजारी माणूस. त्याच्यापुढे जेवण, कॉफी, सिगारेट ठेवतात. पाहुणा आला की त्याला सांगतात, जाताना पाहुणा त्याचा निरोप घेतो. पूर्वी देह कापडाच्या थरांवर थर देऊन गुंडाळत. आता फॉर्मालिन टोचतात, त्यामुळे वासाचा प्रश्न बहुतांशी मिटला आहे.

चर्चचा याला विरोध नाही. मृत्यूनंतर घरी प्रार्थनासभा होते, पाळक (चर्चचे धर्मगुरू) येतात, गीतं म्हटली जातात. पाळक प्रार्थनेत ‘दिवंगत’ म्हणतात, आणि तीच मंडळी दुपारी ताट घेऊन आतल्या खोलीत जातात. यात काही विसंगत आहे असं घरात कुणाला वाटत नाही.

४. तो ‘चालत्या प्रेतांचा’ व्हिडिओ खरा आहे का?

प्रेतं खरी, चालणं खोटं. तो ‘मानेने’ नावाचा विधी आहे. भाताची कापणी झाल्यावर, बहुधा ऑगस्टमध्ये, पूर्वजांच्या शवपेट्या बाहेर काढतात, देह उन्हात ठेवून स्वच्छ करतात, नवे कपडे घालतात आणि फोटो काढून परत ठेवतात. देह सुकलेला असतो, दोघांनी धरलं की उभा राहतो. अशाच कुठल्यातरी फोटोवर इंटरनेटने कथा रचली.

हा विधी सगळे तोराजा करत नाहीत. उत्तरेकडच्या बारुप्पू, पांगाला अशा काही भागांत तो टिकून आहे, आणि तिथेही दर वर्षी होतोच असं नाही. सुरुवातीला ख्रिस्ती प्रार्थना होते. आजी कधी पाहिलीच नव्हती अशा नातवंडांना तिची ओळख करून देतात. व्हिडिओत लोक हसताना दिसतात त्याचं कारण हेच. त्यात विटंबना शोधू नये.

५. अंत्यविधीत नेमकं काय काय होतं? आणि त्यात पाळकाचं काम काय?

या विधीचं नाव ‘रांबू सोलो’. घराण्याच्या ऐपतीप्रमाणे एक दिवस ते आठवडाभर चालतो. त्याआधी कित्येक आठवडे तोंगकोनानसमोरच्या अंगणात किंवा ‘रांते’ नावाच्या मोकळ्या मैदानात बांबूचे मांडव उभे राहतात. प्रत्येक मांडवाला क्रमांक, कारण पाहुणे शेकड्यांनी, कधी हजारांनी येतात.

पहिल्या दिवशी देह घरातून खाली आणतात. शवपेटीवर तोंगकोनानच्या आकाराचं छप्पर असतं. ती खांद्यावर घेऊन निघालेली मंडळी आरडाओरडा करतात, एकमेकांना ढकलतात, पाणी उडवतात. बायका लांबलचक लाल कापड डोक्यावर धरून पुढे चालतात. नव्या माणसाला हा दंगा पाहून धक्काच बसतो. मग पेटी ‘लाक्कियान’ या उंच माचावर चढवतात, आणि पुढचे दिवस मृत व्यक्ती तिथूनच सगळ्यांचं स्वागत करते असं समजतात.

त्यानंतर पाहुण्यांचा दिवस. एकेका तोंगकोनानची माणसं काळे कपडे घालून रांगेने येतात. पुढे रेडे, बांबूला उलटी बांधलेली डुकरं. यजमान त्यांना बसवतात, कॉफी, फराळ, सिगारेट देतात. एकजण वही घेऊन कुणी काय आणलं ते लिहितो. मैदानाबाहेर रेड्यांच्या झुंजी लागतात. रात्री ‘माबादोंग’ : पुरुष गोल करून, करंगळ्यांत करंगळ्या अडकवून, अतिशय संथ पावलांनी फिरत मृताच्या आयुष्याची कहाणी गातात. मग रेडे कापतात, धारदार कोयत्याच्या एकाच घावात. मांसाचे वाटे मानाप्रमाणे, नाव पुकारून दिले जातात.

आता पाळक. जुन्या काळी हे सगळं ‘तो मिनाआ’, म्हणजे जुन्या पंथाचा पुरोहित, चालवायचा. हजारो ओळींची मंत्रकथा त्याला पाठ असे. देवांना आणि पूर्वजांना उद्देशून असलेला तो भाग ख्रिस्ती विधीतून गेला. त्याच्या जागी उपासना आली : शास्त्रवाचन, प्रवचन, चर्चच्या गायकमंडळाची गीतं, मृताचा जीवनपट. दररोजच्या कार्यक्रमाआधी प्रार्थना होते आणि देह कबरीकडे नेण्याआधी मुख्य उपासना. माबादोंग राहिलं, पण बऱ्याच ठिकाणी त्यातल्या ओळी बदलल्या. आत्म्याचा पुयाकडचा प्रवास (प्रश्न ८) वगळून त्या जागी ख्रिस्ती आशेच्या ओळी आल्या. वाटे पुकारणारा वक्ता मात्र अजून जुन्याच ढंगात, जुन्याच उपमा वापरून बोलतो. आणि या सगळ्याभोवती, इंडोनेशियात सगळीकडे असतात तसे, मोठमोठे फुलांचे शोकफलक.

६. मिशनऱ्यांनी यावर बंदी का घातली नाही?

घालून पाहिली, जमलं नाही. व्हान दे लोस्द्रेख्तला मर्तिकावरची उधळपट्टी खटकत होती. कोंबड्यांच्या झुंजी आणि विधींवरच्या खर्चाला लगाम घालण्याच्या बाजूने तो होता, आणि वसाहती सरकारही नियम लादत होतं. गावप्रमुखांचा मान, त्यांची जमीन, त्यांची देणी-घेणी सगळी या विधींवर उभी. त्यांचा राग साचत गेला आणि जुलै १९१७ मध्ये बोरी गावात त्याचा खून झाला.

त्यानंतरच्या मिशनने सूर बदलला. १९२० च्या दशकात मिशनरी आणि स्थानिक पुढारी यांनी बसून एक रेघ आखली. एका बाजूला ‘आलुक’, म्हणजे देव-पूर्वजांची पूजा. ती ख्रिस्ती माणसाला वर्ज्य. दुसऱ्या बाजूला ‘आदात’, म्हणजे समाजाची रूढी, ती चालेल. रेडा पाहुण्यांच्या जेवणासाठी कापता येईल, मृताला अर्पण म्हणून नाही.

जुन्या पंथात असे दोन कप्पे नव्हतेच. भात लावणं, घर बांधणं, रेडा कापणं, सगळं आलुकमध्येच होतं. म्हणजे ही रेघ मिशनने त्या समाजात नव्याने ओढली. पण ती ओढली म्हणूनच माणसं चर्चमध्ये येऊ शकली. नाहीतर ख्रिस्ती होणं म्हणजे भाऊबंदकीतून आणि वारशातून बाहेर पडणं झालं असतं. माझ्या मते आजचं तोराजा ख्रिस्तीपण या तडजोडीतून घडलं आहे, आणि ती रेघ नेमकी कुठून जाते यावर अजूनही वाद होतात. पुढचे बरेच प्रश्न त्या वादाचेच आहेत.

७. रेडे किती कापतात? आणि कर्ज काढून एवढा खर्च करतात तरी कशासाठी?

साध्या घरात एखाददुसरा. उच्च कुळातल्या माणसाच्या पूर्ण विधीला २४ हा जुना आकडा, आणि श्रीमंतांकडे तो कधीच मागे पडला आहे. डुकरं वेगळी. साधा रेडा आपल्या हिशेबाने लाख-दोन लाखांचा. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या ‘तेदोंग बोंगा’ची गोष्टच निराळी, त्यातल्या उत्तम ‘सालेको’ची किंमत ५० कोटी रुपियांच्या पुढे जाऊ शकते, म्हणजे २५ लाख रुपयांहून जास्त. रांतेपाओजवळ बोलूच्या बाजारात गेलात तर रेड्यांना नदीवर घासूनपुसून आंघोळ घालणारी पोरं दिसतील.

हे सगळे रेडे यजमानाच्या खिशातून येत नाहीत. आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते ना, तसाच हा प्रकार, फक्त वहीत पाचशे रुपयांऐवजी रेडा लिहिलेला. तुमच्या वडिलांच्या मर्तिकाला माझ्या घराने एक रेडा दिला, तर माझ्या आईच्या वेळी तेवढाच रेडा तुमच्याकडून यायला हवा. शिंगांची लांबीही बघतात. देणारा मेला तर देणं मुलांवर येतं. ते चुकवणं ही मोठी नामुष्की.

दुसरं कारण जमीन. आई-वडिलांच्या मर्तिकाला कोणत्या मुलाने किती रेडे कापले, त्यावर भातखाचरांचा वाटा ठरवायची जुनी पद्धत आहे. म्हणजे रेडा न कापणारा ख्रिस्ती मुलगा वारसा गमावणार. मिशनला नमतं घ्यावं लागलं त्यामागे हे व्यवहाराचं कारण धर्मशास्त्राइतकंच मोठं होतं.

तिसरं कारण मान. पूर्वी किती रेडे कापायचे ते कुळावरून ठरे. सोनं, लोखंड, ताडाचं लाकूड आणि गवत अशा नावांच्या चार श्रेणी होत्या. चर्चने समता शिकवली, आणि बाहेरगावच्या पगाराने खालच्या श्रेणीतल्या घरांना पैसा दिला. आता तीही मोठे विधी करतात, जुने खानदानी नाक मुरडतात, आणि एकूण आकडा वाढत जातो. समतेच्या शिकवणीचा असा परिणाम होईल असं पहिल्या मिशनऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

चर्च काय करतं? प्रवचनात काटकसर सांगतं. कापलेल्या जनावराचा एक वाटा चर्चला जातो. मांसाचा लिलाव करून त्या पैशांतून चर्चची इमारत उभी करण्याची प्रथाही पडली आहे. शिवाय कापलेल्या प्रत्येक जनावरावर स्थानिक सरकार कर घेतं. खर्च कमी व्हावा असं सगळेच म्हणतात, पण तो कमी झाल्याने थेट फायदा कुणाचाच नाही.

८. ख्रिस्ती माणूस स्वर्गात जातो. मग रेडे कुणासाठी?

जुनी कल्पना अशी : मृतांचा देश ‘पुया’, नैर्ऋत्येला. तिथवरच्या वाटेवर रेड्यांचे आत्मे सोबत करतात. जितके रेडे, तितका प्रवास सुकर आणि तिथला मान मोठा. पूर्ण विधी झालेला पूर्वज कालांतराने देवत्व पावतो आणि शेताला आशीर्वाद देतो.

चर्चचं उत्तर ठरलेलं आहे. तारण कृपेने मिळतं, रेड्याने नाही. रेडा म्हणजे पाहुण्यांचं जेवण आणि आई-वडिलांबद्दलची कृतज्ञता. सुशिक्षित तोराजा तुम्हाला हेच सांगेल. पण विधी नीट झाला नाही तर ‘बाबांना बरं वाटणार नाही’, असंही तोच म्हणेल. या दोन वाक्यांतलं खरं कोणतं, असं विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही खरी आहेत, आणि प्रवचन ऐकताना पहिलं आठवतं, वाटे पडताना दुसरं.

९. कबरीजवळचे लाकडी पुतळे ही मूर्तिपूजा नाही का?

ते ‘ताऊ-ताऊ’. फणसाच्या लाकडातून कोरलेली मृताची प्रतिमा, पूर्वी फक्त वरच्या कुळांसाठी. लेमोच्या कड्यावर सज्जांत ओळीने उभे असलेले ताऊ-ताऊ तुम्ही पोस्टकार्डांवर पाहिले असतील. पूर्वी त्यांना अन्न अर्पण करत, कपडे बदलत. म्हणून प्रोटेस्टंट मिशनने ते नाकारले. कॅथलिक चर्चने तुलनेने सैल धोरण ठेवलं.

नंतर ख्रिस्ती कुटुंबांनी साधा युक्तिवाद केला : याला फोटो समजा. त्यामुळे शैलीही बदलली. जुने ताऊ-ताऊ ठोकळेबाज, टपोऱ्या डोळ्यांचे. नवे हुबेहूब, सुरकुत्यांसकट, चष्मा लावलेले, काहींच्या हातात बायबल. हातात बायबल दिलं की पाळकाला हरकत घेणं अवघडच जातं.

जाता जाता : १९७० आणि १९८० च्या दशकांत जुने ताऊ-ताऊ मोठ्या प्रमाणावर चोरीला गेले आणि परदेशी संग्राहकांच्या दिवाणखान्यांत पोहोचले. म्हणून काही ठिकाणी आता ते जाळीआड दिसतात.

१०. देह पुरतात की कड्यात ठेवतात?

जमिनीत पुरणं जुन्या रीतीत नाही. कड्यात खोदलेली कोनाडी (लेमो), नैसर्गिक गुहा (लोंदा), कड्याला टांगलेल्या कोरीव पेट्या (केते केसू) हे जुने प्रकार. आज सगळ्यात जास्त दिसतं ते ‘पाताने’ : सिमेंटचं छोटं घर, वर तोंगकोनानचं छप्पर, दारावर क्रॉस, आत अख्खं कुटुंब.

११. तान्ही मुलं झाडात ठेवायचे म्हणतात?

हो, पूर्वी. दात न आलेलं बाळ गेलं तर ‘तारा’ नावाच्या झाडाच्या खोडात कोनाडा करून ठेवत आणि तोंड झाडाच्या तंतूंनी बंद करत. या झाडाचा चीक दुधासारखा पांढरा असतो. कांबिरा इथलं झाड प्रसिद्ध आहे. ख्रिस्ती कुटुंबांत ही रीत बंद झाली.

१२. सगळ्या चर्चचं मत एकच आहे का?

नाही. तोराजा चर्च प्रश्न ६ मधल्या रेघेवर चालतं. कॅथलिकांना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) स्थानिक रूढी सामावून घ्यायला अधिकृत वाव मिळाला. मिस्सा (कॅथलिक उपासना) आणि रांबू सोलो एकाच अंगणात होतात. पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकोस्टल गटांना मात्र हे मान्य नाही. मूर्तीला अर्पण केलेल्या मांसाबद्दल बायबलमध्ये पौलाने करिंथकरांना लिहिलं त्याचा दाखला देऊन त्यांतले काही मर्तिकाचं मांसही घेत नाहीत. गावात याचा अर्थ वाटा नाकारणं, म्हणजेच नातं नाकारणं, असा घेतला जातो.

१३. त्यांचा मूळ धर्म सरकारदरबारी ‘हिंदू’ आहे, हे खरं?

हा प्रश्न मराठी वाचकांकडून फार येतो, आणि उत्तरावर लगेच अभिमानाचे मेसेजही येतात. इंडोनेशियात मोजक्याच धर्मांना मान्यता होती. १९६९ मध्ये आलुक तो दोलोची नोंद हिंदू धर्माच्या छत्राखाली करून घेण्यात आली, ती कायदेशीर अस्तित्वासाठी. वेद, कर्म, दहन यांचा त्यात संबंध नाही. २०१७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ओळखपत्रावर पारंपरिक श्रद्धा नोंदवण्याची वाट मोकळी केली. आज या पंथाचे अनुयायी अगदी थोडे, आणि पूर्ण विधी पाठ असलेले तो मिनाआ त्याहून थोडे.

१४. मुसलमान नातेवाईक असतील तर?

तोंगकोनान धर्म विचारत नाही. मुसलमान भाऊबंद डुकराऐवजी रेडा आणतात, तो हलाल पद्धतीने कापला जातो, त्यांची चूल वेगळी मांडतात. गेलेला माणूसच मुसलमान असेल तर दफन लगेच होतं. घरात ‘आजारी’ म्हणून ठेवणं नाही.

१५. आपल्याकडे, गोव्यात किंवा वसईत, असं मिश्रण आहे का?

थेट नातं नाही, पण प्रश्न तोच आहे. गोव्यात इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) १७३६ च्या फर्मानात ख्रिस्ती घरांतल्या जन्म-लग्न-मर्तिकाच्या अनेक जुन्या रीतींवर बंदी घातली. तरीही लग्नाआधी गेलेल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ गरिबांना जेवू घालायची ‘भिकाऱ्यांचें जेवण’ ही प्रथा टिकली. वसईत आणि गोव्यात २ नोव्हेंबरला कबरी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरतात, ती मात्र चर्चच्या कॅलेंडरमधलीच रीत. फरक एवढा की गोव्यात चर्चच्या पाठीशी राजसत्ता होती, म्हणून जुनं ते आडून टिकलं. तोराजात मिशन लहान आणि गावप्रमुख बलवान, म्हणून जुनं उघडपणे राहिलं.

१६. बालीच्या ट्रिपला जोडून अंत्यविधी बघता येईल का?

येईल. माकास्सार शहराला विमानाने, तिथून रांतेपाओ सुमारे ३०० किलोमीटर, बसने आठ-नऊ तास. कोणत्या गावात विधी आहे हे स्थानिक गाइडला माहीत असतं. काळे किंवा गडद कपडे घाला. साखर, कॉफी किंवा सिगारेटचं पाकीट यजमानाला द्या. सांगतील त्याच मांडवात बसा. शाकाहारी असाल तर भात आणि कॉफीवर दिवस काढायची तयारी ठेवा, आणि रक्त बघवत नसेल तर पाहुण्यांच्या दिवशी जा, कापण्याच्या दिवशी नको. शोकाकुल माणसाच्या तोंडासमोर मोबाइल धरू नये हे खरं तर सांगावं लागू नये.

१७. गेलेला माणूस जुन्या पंथाचा आणि मुलं ख्रिस्ती, असं असेल तर विधी कुणाच्या पद्धतीने?

तत्त्वतः मृताच्या. जुन्या पंथाच्या पुरोहिताला, ‘तो मिनाआ’ला, बोलावतात आणि तो अर्पणाचा भाग करतो. ख्रिस्ती मुलं त्या वेळी बाजूला थांबतात आणि पाहुण्यांची सरबराई, रेडे, वाटे ही आदातची बाजू सांभाळतात. प्रत्यक्षात खर्च मुलं करणार, म्हणून त्यांचं म्हणणं जड पडतं. म्हातारपणी, कधी अगदी शेवटच्या आजारात, आई-वडील बाप्तिस्मा घेतात त्यामागे श्रद्धेइतकीच ही सोयही असते : आपल्या मागे पोरांना आपला विधी मोकळेपणाने करता यावा. मुलांतच एक तोराजा चर्चचा, एक पेंटेकोस्टल आणि एक मुसलमान, अशी घरंही आहेत. तिथे बैठका होतात, आणि एकमत होईपर्यंत देह आणखी काही महिने थांबतो. त्याची सोय आहेच (प्रश्न ३).